घरात कोणालाच नाही

"मग?" एवढंच त्या पाहुणीने विचारलं. भांडायच्या सुरात नाही, टोमणा म्हणूनही नाही. रस्ता चुकलेला माणूस पुढचं वळण विचारतो तसं. वर्षातून एकदा संस्थेची दारं सगळ्यांसाठी उघडी असायची आणि त्या दिवशी तळमजल्यावरच्या दालनात टेबलं मांडून प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने आपापलं काम येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचं असा शिरस्ता होता. जिला हे विचारलं तिच्या टेबलावर मायक्रोस्कोप होता आणि त्याखाली एका चपट्या बशीत स्तनाच्या कर्करोगाच्या जिवंत पेशी. शाळेतली पोरं आली, रांगेत ढकलाढकली करून डोळा लावून गेली. एक निवृत्त गृहस्थ आले, त्यांनी पेशी सोडून स्वतःच्या पाठदुखीबद्दल विचारलं. मग ही पाहुणी. समोरच्या इस्पितळातून सरळ इकडेच आली असावी, कारण तिच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं आणि ते ती खाली ठेवायला तयार नव्हती. तिने डोळा लावला, दुसऱ्याच्या खिडकीतून आत बघितल्यासारखा चटकन काढला आणि विचारलं, "तुमच्या घरात कोणाला होता?"

"कोणालाच नाही."

"मग?"

टेबलामागच्या बाईने उगाचच फोकसचं चाक फिरवलं. उत्तरं नव्हती असं नाही. वीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला उत्तरांची काय वानवा. पण त्या पाकिटासमोर कुठलंच उत्तर तोंडातून बाहेर पडेना. 'कोणालाच नाही' हे आपण किती सहज बोलून गेलो, जवळजवळ मिरवल्यासारखं, असं तिला वाटलं. आणि असं वाटावं याचा लगोलग रागही आला. एखाद्याने ग्रहताऱ्यांचा अभ्यास करायचं ठरवलं तर त्याला कोणी विचारत नाही, की बाबा रे, तुझ्या घरातलं कोण वर गेलंय. पाहुणी पाकीट दुसऱ्या बगलेत धरून शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथे प्रयोगशाळेतली तिची सीनियर उभी होती. सीनियरच्या आजोबांना घशाचा झाला होता आणि ती ते फार छान सांगायची. शेवटी शेवटी आजोबा पाटीवर लिहून बोलायचे, हे सांगताना तिचा आवाज नेमका तिथे दबायचा. पाहुणीचा चेहरा सैल झाला. तिला हवं ते तिथे मिळालं.

प्रयोगशाळेत सगळे तिला 'बाई' म्हणत, ते या सीनियरमुळेच. ही मुलगी कधीकाळी तिच्याच वर्गात बसायची आणि पेशीच्या आकृतीत केंद्रक काढायला हमखास विसरायची. आता तीच तिला पिपेट कशी धरायची ते शिकवत होती, आणि "बाई, अंगठा असा नाही, असा," म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते दडवायचा तिने कधी प्रयत्न केला नाही. पहिल्या दिवशी तिने सवयीने हाक मारली, "बाई, तुम्ही इथे?" आणि संध्याकाळपर्यंत गाईड मॅडमपासून काचसामान धुणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ते नाव उचललं. हरकत नव्हती. नावाने तिचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते या 'मग'पाशी, आणि ते आजचं नव्हतं.

प्रवेशाच्या मुलाखतीत हाच प्रश्न कोट घालून समोर बसला होता. समितीचे अध्यक्ष म्हणजे म्हातारे पॅथॉलॉजिस्ट, सारी हयात ऊतींच्या पातळ कापांत रोग ओळखण्यात घालवलेले, बोलायला अतिशय मऊ. "नोकरी सोडून, या वयात, इतका अवघड विषय," ते म्हणाले, "काही वैयक्तिक कारण?" आणि तिचं उत्तर यायच्या आतच त्यांनी सांत्वनासाठी लागणारा आवाज काढून ठेवला होता. ती म्हणाली, "नाही. मला त्या आवडतात." काय आवडतात? "पेशी. कर्करोगाच्या." कोणीतरी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. खोलीत एसीचा आवाज मोठा झाला. आपण काहीतरी अंगावर सांडून घेतल्यासारखं तिला वाटलं, आणि तरी ते पुसावंसं वाटेना. टेबलाच्या टोकाला बसलेल्या मॅडम तेवढ्या हसल्या, एकच, तुटक. पुढे तिला आपल्या प्रयोगशाळेत घेतल्यावर त्या एकदा चहा पिता पिता म्हणाल्या, "मलाही आवडतात. पण मी असं कधी कुठे बोलले नाही. तुम्हीही पुन्हा बोलू नका."

आवडतात म्हणजे काय, हे मात्र तिला अजून नीट सांगता आलं नसतं. शाळेच्या पुस्तकात पेशीविभाजनाचा धडा होता. फळ्यावर ती त्याच्या सुंदर आकृत्या काढायची, गुणसूत्रं लाल खडूने, तंतू पिवळ्या. धडा संपता संपता एका चौकटीत एकच वाक्य यायचं: कधीकधी पेशींचे विभाजन अनियंत्रित होते व त्यातून कर्करोग उद्भवतो. खाली लगेच स्वाध्याय. दर वर्षी ती त्या वाक्यापाशी येऊन पोचायची, ते मोठ्याने वाचायची, आणि घंटा व्हायची. कधीकधी म्हणजे कधी? उद्भवतो म्हणजे नेमकं काय होतं, कुठून सुरुवात होते, पहिली ती एक पेशी शेजारणींपेक्षा वेगळं काय करते? परक्या घरात एखादं दार नेहमी बंदच दिसावं आणि कोणी त्याबद्दल बोलू नये, तसं ते वाक्य तिच्या आयुष्यात वर्षानुवर्षं उभं होतं. मग ती वाचायला लागली. ग्रंथालयातून पुस्तकं आणून, पेपर तपासायच्या गठ्ठ्यांखाली लपवून, न समजणारा शब्द पाच ठिकाणी शोधून. आणि कळलं ते हे, की ही बाहेरून आलेली कोणी शत्रूबित्रू नाही. ही घरचीच. 'थांब' म्हटल्यावर न थांबणारी, 'आता मर' असा निरोप आला तरी न मरणारी, स्वतःसाठी रक्ताची नवी वाट पाडून घेणारी. चाळीस वर्षं 'थांब' म्हटल्यावर थांबत आलेल्या बाईने हे वाचलं तेव्हा तिच्या पाठीतून काहीतरी सरसरत गेलं. ती भीती नव्हती. हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

घरी नवऱ्याने फारसा विरोध केला नाही. तो विम्याच्या कचेरीत होता, लोकांच्या आजारांशी त्याचा रोजचा संबंध कागदावरचा. "कर की," तो म्हणाला, "नाहीतरी तू काहीतरी करणारच." खरी तोफ होती ती नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, लग्न न केलेली, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, मागच्या खोलीत राहणारी. आयुष्यभर अनोळखी लोकांचे आवाज कानावर घेतल्याने तिला माणूस बोलायच्या आधीच त्याचा सूर ओळखू यायचा आणि त्यावर ती फटकन बोलायची. "या वयात बायका गुडघे सांभाळतात, आमची भावजय पेशी सांभाळते," हे तिने आल्यागेल्याला ऐकवलं. "त्यांना वेळेवर खायला घालते म्हणे. आम्हाला सांगते, फ्रिजमध्ये आहे ते गरम करून घ्या." हे खरंच होतं. रविवारीही पेशींचं गुलाबी द्रव बदलावं लागायचं. नाहीतर ते पिवळं पडायचं आणि पेशी उपाशी मरायच्या.

त्या 'मग'वर तिला काही सापडायच्या आतच घरात कोणाला तरी झाला.

स्वयंपाकघरात दोघी होत्या, ती भांडी विसळत होती, नणंद पुसून लावत होती. नळ गळतोय हे सांगावं तशा सुरात नणंद म्हणाली, "अगं, तुला त्यातलं कळतं ना? जरा हात लावून बघ." आणि तिचा ओला हात धरून स्वतःच्या छातीवर, डावीकडे, वरच्या अंगाला ठेवला. हरभऱ्याहून मोठं, कडक, बोटाखाली न सरकणारं. दोन वर्षं रोज डोळ्यांनी बघितलेली वस्तू बोटांना अगदीच अनोळखी होती. तिच्या मनात पहिला शब्द आला तो 'ताई' नव्हता. पहिला शब्द आला 'घट्ट'. किती घट्ट. तिला माहीत होतं ते इतकं घट्ट का असतं. त्या पेशी आजूबाजूच्यांकडून तंतू विणून घेतात आणि त्यात बसतात. हे सगळं डोक्यातून झर्रकन जाऊन गेलं आणि मग भीती आली. पण नंतर आली. आधी आणि नंतर यांच्यामधल्या त्या एवढ्याशा फटीत आपण कोण होतो, हे तिला पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं.

"मी डॉक्टर नाही, ताई."

"माहितीये. डॉक्टरकडे उद्या जाऊच. म्हटलं, आधी घरातल्या माणसाने बघावं." नणंदेने पदर सारखा केला आणि उरलेली भांडी पुसायला घेतली.

तपासण्या झाल्या, नाव कळलं, उपचार ठरले: आधी औषधाच्या फेऱ्या, मग शस्त्रक्रिया. आणि फोन सुरू झाले. नात्यातले, ओळखीतले, शाळेतल्या जुन्या सहकारी. सगळ्यांनी वेगवेगळ्या तोंडांनी एकच गोष्ट सांगितली. देवानेच तुला ती बुद्धी दिली. उगाच नाही तू नोकरी सोडलीस. बघ, कशाचा कशाला धागा असतो. ती "हं" म्हणायची आणि फोन ठेवायची. एका संध्याकाळी नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो अगदी मनापासून म्हणाला, "आता तुझ्या शिकण्याचं चीज झालं."

"म्हणजे आतापर्यंत ते वाया चाललं होतं?"

"तसं नाही गं. पण आता त्याला अर्थ आला."

तिने त्याचा हात खांद्यावरून काढला नाही, पण तो तिथे आहे हे तिला एकदम जड व्हायला लागलं. इतक्या वर्षांत एवढी एकच गोष्ट तिने कोणासाठी म्हणून केली नव्हती. मुलाला वाढवलं ते मुलासाठी, नोकरी केली ती घरासाठी, सासूचं केलं ते सासूसाठी, आणि त्यात वाईट काही नव्हतं. ही मात्र तिची एकटीची हौस होती, बिनकारणाची, आणि आता तिच्या डोळ्यांदेखत सगळे मिळून ती उचलून आजाराच्या नावावर चढवत होते. संस्थेच्या प्रसिद्धी विभागातला गृहस्थही येऊन गेला. त्याला कुठून कळलं कोण जाणे. संस्थेच्या पत्रिकेत एक पान द्यायचं होतं त्याला: नणंदेच्या आजाराशी लढणारी संशोधक भावजय, दोघींचा फोटो. ती नाही म्हणाली.

"यात खोटं काय आहे, बाई?"

"तारखा," ती म्हणाली. "मी आले तेव्हा ताई ठणठणीत होत्या."

"तारखा कोण बघतंय?"

"मी."

तो गेला. सीनियर हे सगळं ऐकत होती, नळ्यांवर खुणा करत ती म्हणाली, "बाई, त्याने लोकांना धीर येतो हो. मी आजोबांचं सांगते तेव्हा लोक ऐकतात." बाई म्हणाली, "तू सांग. तुझे आजोबा होते ते. पण समज, आजोबा नसते, तर तू काय केलं असतंस?" सीनियरने बराच वेळ विचार केला. शाळेत प्रश्न विचारल्यावर करायची तस्साच, जीभ दाताखाली धरून. मग म्हणाली, "हेच," आणि स्वतःच दचकून तिच्याकडे बघितलं.

तिचं स्वतःचं काम होतं मागे उरणाऱ्या पेशींचं. पेशींवर औषध घालायचं. त्या भराभर आक्रसायच्या, सुटायच्या, द्रवात तरंगायला लागायच्या, दोनचार दिवसांत बशी जवळजवळ मोकळी. जवळजवळ. कुठेतरी कोपऱ्यात थोड्या शिल्लक राहायच्या. त्या काही औषधाला पचवून वाढत नसत. नुसत्या गप्प बसत. पसरट, मोठ्या, हालचाल नाही, विभाजन नाही, जणू श्वास रोखून. औषध काढून घेतलं की कित्येक आठवडे काही नाही, आणि मग एके सकाळी त्यातली एखादी गोल होऊन, चकाकून, दोन व्हायची. का याच वाचतात? इतर हजारोंपेक्षा त्यांच्यात वेगळं काय आहे? आणि त्यांना कोण सांगतं, की आता उठा, धोका गेला? हा तिचा प्रश्न होता आणि तो तिने नणंदेच्या छातीवर हात ठेवायच्या कितीतरी आधी निवडला होता. आता नणंदेच्या शिरेत जे औषध जात होतं ते ती बशीत घालत होती त्याच्याच जातकुळीतलं. त्या सोमवारी सकाळी तिने इन्क्युबेटरचं दार उघडलं, उबदार दमट वाफ चेहऱ्यावर आली, तिने बशी काढून मायक्रोस्कोपखाली धरली. औषध काढून बरेच दिवस झाले होते. कोपऱ्यातली एक गप्प पेशी गोल झाली होती. चकाकत होती. तिच्या छातीत तो ओळखीचा आनंद उसळला, पोरकट, धडधडीत. आणि तिच्या मनात आलं: ताई. आता हा आनंद विझेल असं तिला वाटलं. ती डोळा न काढता वाट बघत राहिली, चोरी पकडली जायची वाट बघावी तशी. पेशी मध्यावर हळूहळू आवळत गेली, जणू कोणी अदृश्य दोरी ओढतंय, आणि एकीच्या दोन झाल्या. आनंद विझला नाही. भीती होती, तीही खरी होती, ताईच्या उशीवर सकाळी पडलेले केस डोळ्यांसमोर होते. पण आनंद त्या सगळ्याच्या शेजारी तसाच बसून होता, कोणाच्याही बापाला न जुमानता. मी वाईट बाई आहे का, असं तिने स्वतःला विचारून बघितलं. उत्तर आलं नाही. मग तिने वेळ टिपून ठेवली, फोटो काढला, आणि पुढची बशी घेतली.

नणंदेने डोक्याला रुमाल बांधायला साफ नकार दिला होता. "वारा लागतो डोक्याला, बरं वाटतं," ती म्हणायची. भेटायला येणारे तिच्या डोक्याकडे न बघण्याची इतकी पराकाष्ठा करत, की नणंदच त्यांना म्हणायची, "बघा की, बघून झिजत नाही." पण लोक गेले की ती खिडकीशी बसून राहायची आणि तोंडातल्या फोडांमुळे तिला काही गिळता यायचं नाही. अशाच एका दुपारी तिने विचारलं, "तुझ्याकडच्या आणि माझ्याकडच्या, एकच का?"

"एकच नाही. सख्ख्या नाहीत, चुलत म्हणा."

"मग मला दाखव."

"ताई, कशाला?"

"तीन महिने माझ्या घरात राहतायत, माझं खातायत, आणि मी त्यांचं तोंडही बघितलेलं नाही. लोक येऊन मला सांगतात, लढा. कोणाशी लढू? दाखव तरी."

मॅडमनी परवानगी दिली. आत नाही, बाहेरच्या खोलीत, आणि भांडं सीलबंद. दोन फेऱ्यांच्या मध्ये नणंदेला जरा बरं असण्याचा दिवस बघून ती तिला टॅक्सीने घेऊन गेली. जिना चढताना नणंद दोनदा थांबली आणि दोनदा म्हणाली की आपण भिंतीवरची चित्रं बघतोय. भिंतीवर आग विझवण्याच्या सूचना होत्या. सीनियरने स्टूल आणून दिलं, उंची नीट केली, आणि शहाण्यासारखी निघून गेली. नणंदेने चष्मा काढला, दोन्ही डोळे लावले. ती शेजारी उभी होती. नणंदेच्या उघड्या डोक्यावर मागच्या बाजूला एक जुना व्रण होता, इतकी वर्षं केसांखाली लपलेला. लहानपणी कधीतरी पडली असेल. किती वर्षं एका घरात राहिलो आणि हा आपल्याला माहीत नव्हता, असं तिच्या मनात आलं. नणंद तशीच वाकून होती. तिला वाटलं, चूक झाली. आता ही रडेल, आणि मग आपण काय करायचं.

"मला वाटलं होतं काळ्या असतील," नणंद शेवटी म्हणाली.

"सगळ्यांना वाटतं."

"स्वच्छ आहेत की. काचेसारख्या. ही एक गोल झालीये, ती काय?"

"ती आता दोन होईल."

"आत्ता?"

"थोड्या वेळात."

नणंदेने डोळे हलवले नाहीत. "या कोणाच्या?"

"एका बाईच्या. फार पूर्वीच्या. ती केव्हाच गेली."

"आणि या अजून आहेत."

"हो. जगभर आहेत. सगळ्या प्रयोगशाळांत."

"तिला विचारलं होतं का कोणी?"

"बहुतेक नाही."

नणंदेने जीभ टाळ्याला लावून आवाज केला, टेलिफोनवर नको त्या माणसाचा आवाज ऐकल्यावर करत असेल तसा. मग ती परत वाकली. बाहेर कोणाच्या तरी ट्रॉलीची चाकं कुरकुरत गेली. मग नणंद हळूच म्हणाली, "झाल्या," आणि चष्मा शोधायला हात पुढे केला. भावजयीने तो धरला, तो बर्फासारखा गार होता.

"राहतील का काही माझ्यात? औषधानंतर? तुझ्या त्या गप्प बसणाऱ्या?"

यावर बोलायची तऱ्हा इस्पितळातल्या लोकांना येत होती. तिला येत नव्हती. "माहीत नाही," ती म्हणाली. "राहू शकतात. नाहीही राहणार. कळायला मार्ग नाही. आत्ता तरी नाही."

"हं," नणंद म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर, कोण जाणे का, पहिल्यांदाच थोडं रक्त आल्यासारखं वाटलं.

परतीच्या वाटेवर टॅक्सी सिग्नलला अडकून राहिली. नणंद खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसली होती. ती तिच्याकडे न बघताच म्हणाली, "तू तिकडे वाकून मला दाखवत होतीस ना, तेव्हा तुझा आवाज वेगळा होता. आम्ही एक्स्चेंजमध्ये ओळखायचो. ट्रंक कॉलवर माणूस आवडत्या कोणाशी बोलत असला की सुरावरून कळायचं."

तिचे कान गरम झाले. "ताई, मी..."

"गप्प बस. बोलू दे. सगळे मला सांगतात, तुझी भावजय तुझ्यासाठी शोध लावतेय. तो प्रसिद्धीवाला मलाही फोन करून गेला. मी त्याला झापलं." ती दम घ्यायला थांबली. "माझ्यासाठी करू नकोस. माझ्यासाठी केलंस तर मी बरी झाल्यावर सोडून देशील, आणि मेले तर रडत बसशील. दोन्हीकडून काम बुडालं. तुझ्या हौसेसाठी करत होतीस, तसंच कर. हौस बरी टिकते. मी साठी गाठली लोकांच्या हौसा ऐकत, मला माहितीये."

सिग्नल सुटला. रडलेलं नणंदेला खपलं नसतं. तिने फक्त नणंदेच्या मांडीवरची शाल नीट केली. नणंदेने तेवढं चालवून घेतलं.

शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, काखेतल्या ग्रंथी निघाल्या, आणि नंतरच्या तपासणीत काही दिसलं नाही. 'दिसलं नाही' हे शब्द डॉक्टरांनी ज्या समाधानाने उच्चारले त्या समाधानाने नवऱ्याने सगळ्यांना फोन केले. त्या दोघींनी फक्त एकमेकींकडे बघितलं. न दिसणाऱ्यांवरच तर तिचं काम चाललं होतं.

आणि त्याच सुमाराला तिची प्रगती तपासणारी समिती बसली. तेच अध्यक्ष, तीच खोली. तिने पडद्यावर गप्प पेशींचे फोटो दाखवले, त्या उठायला किती आठवडे घेतात ते दाखवलं, आणि पुढच्या प्रयोगांसाठी दोन वर्षं वाढवून मागितली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. त्यांना घरचं कळलं होतं; त्यांच्या डोळ्यांत खरंच कणव होती, आणि तिला सगळ्यात जास्त भीती त्या कणवेचीच वाटली. ते म्हणाले, "तुमच्यावर काय प्रसंग आला ते आम्हाला माहीत आहे. अशा वेळी याच विषयावर रोज काम करणं म्हणजे स्वतःला त्रास करून घेणं. एखादा हलका विषय घ्या. आम्ही मदत करू. किंवा वर्षभर रजा. कोणी काही म्हणणार नाही." शेजारच्या सदस्याने मान डोलावली आणि जरा अवघडून जोडलं, "शिवाय दोन वर्षांनी तुम्ही पन्नाशीला याल."

"दोन वर्षांनी मी तशीही येईनच," ती म्हणाली.

मॅडमनी खाली बघितलं. अध्यक्ष थोडे हसले, पण तिला ते हसण्यावारी जाऊ द्यायचं नव्हतं. तिने टेबलाची कड घट्ट धरली, आणि आवाज वर्गातला निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "सर, आजारपण माझ्या घरात आहे. कामात नाही. मुलाखतीत तुम्ही मला वैयक्तिक कारण विचारलं होतं, तेव्हा नव्हतं. आता तुम्ही म्हणता की कारण आहे, म्हणून थांबा. नव्हतं तेव्हा मी विचित्र ठरले, आणि आहे तर आता मी बिचारी. मला यातलं काहीच नको. माझे फोटो बरोबर आहेत की चूक, एवढं बघा. चूक असतील तर आत्ता सांगा, मी जाते. बरोबर असतील तर मला दोन वर्षं द्या."

एसीचा आवाज परत मोठा झाला. अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, जरा पुढे झुकले, आणि म्हणाले, "तो तिसरा फोटो पुन्हा दाखवा." तिने दाखवला. ते बघत राहिले. मग त्यांनी पेशींच्या कडांबद्दल एक प्रश्न विचारला, अवघड, आणि त्यात मऊपणाचा लवलेश नव्हता. तिला पूर्ण उत्तर आलं नाही. तिने तसं सांगून टाकलं. ते म्हणाले, "शोधा मग," आणि कागद पुढे ओढून सही केली.

घरी आली तेव्हा नणंद मागच्या खोलीत पलंगावर बसून हाताचा व्यायाम करत होती, भिंतीवर बोटं वर वर चालवत, दर टप्प्याला शिवी हासडत. डोक्यावर करडी, मऊ लव आली होती. नवरा बाहेर फोनवर होता.

"काय म्हणाले?"

"दोन वर्षं दिली."

"लेखी?"

"हो. सहीसकट."

नणंदेची बोटं भिंतीवर थांबली. "मजा आहे तुझी," ती म्हणाली. "मला कोणी तोंडीही देत नाही."

तिने नणंदेकडे बघितलं, नणंदेने तिच्याकडे, आणि मग कोणाला आधी हसू सुटलं ते सांगता यायचं नाही. हसता हसता नणंदेच्या टाक्यांना ताण बसला, तिने काखेत हात दाबला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिला थांबता येईना. भावजय पलंगाच्या कडेवर बसली होती ती घसरून खाली आली. आवाज ऐकून नवरा धावत आला, फोन हातात तसाच, चेहरा पांढराफटक. काय झालं, काय झालं, असं त्याने दोनदा विचारलं. मग दोघींचे चेहरे बघून तो दारातच उभा राहिला, हसावं की घाबरावं याचा अंदाज घेत, आणि दोघींपैकी कोणीही त्याला काही सांगितलं नाही.